फ्रान्समधलं जुनं घर आणि भिंतीआडची बाग: साठेखतावर सही करण्याआधी काय काय तपासायचं

ल्वार नदीच्या खोऱ्यात सोम्यूर, शिनों, लोश अशा गावांत पांढरट तुफो दगडाची, दोनशे-तीनशे वर्षांची घरं अधूनमधून विक्रीला येतात. रस्त्यावरून फक्त जाड लाकडी दरवाजा आणि उंच खिडक्या दिसतात. आत शिरून मागच्या दारानं बाहेर पडलं की चारही बाजूंनी दगडी भिंतीत बंदिस्त बाग. पॅरिसमधल्या छोट्या फ्लॅटच्या पैशांत असं अख्खं घर मिळू शकतं. परदेशी नागरिकाला ते विकत घ्यायला फ्रान्सचा कायदा आडकाठी करत नाही. मात्र मालकी मिळाली म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर अल्प मुदतीच्या व्हिसानं १८० दिवसांत ९० दिवस एवढीच मुभा. त्याहून जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. फ्रेंच पद्धतीत साठेखत झाल्यावर तुमच्या हातात १० दिवस असतात, आणि त्यानंतर माघार घेणं महाग पडतं. त्यामुळे जे काही तपासायचं ते साठेखताच्या आधी. आणि अशा घरात तपासणी सुरू करायची ती बागेच्या भिंतींपासून.

१. पैशांचा मार्ग आधी आखा

फ्रान्समध्ये किंवा इतरत्र परदेशात नोकरी करून तिथेच बचत केलेली असेल तर ही पायरी सोडून द्या. भारतात राहणाऱ्यांसाठी मात्र हीच पहिली पायरी आहे.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात आणि त्यातून परदेशात घर घेता येतं. पती-पत्नी दोघांची मर्यादा एकत्र वापरायची तर दोघांचीही नावं खरेदीखतात सहमालक म्हणून हवीत. मर्यादा १ एप्रिलला नव्यानं सुरू होते. त्यामुळे बयाणा मार्चच्या आत आणि उरलेली रक्कम एप्रिलनंतर, असं वेळापत्रक बसवता आलं तर दोन वर्षांची मर्यादा हाताशी येते. पाठवलेले पैसे १८० दिवसांत वापरले गेले नाहीत तर परत आणावे लागतात, म्हणून घर नक्की होण्याआधी मोठी रक्कम पाठवून ठेवू नका.

वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर जेवढे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करते. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. ही रक्कम हिशेबात न धरल्यामुळे शेवटच्या हप्त्याला हात आखडतो. म्हणून ती वेगळी काढून ठेवा.

२. जाहिरात नीट वाचा

जाहिरातीतल्या किमतीत एजंटचं कमिशन धरलंय का आणि ते कोणी द्यायचं, हे तिथेच लिहिलेलं असतं. कमिशन खरेदीदारानं द्यायचं असेल तर मुद्रांकासारखा जो कर लागतो तो कमिशन वगळून उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे तुमचे थोडे पैसे वाचतात.

त्याहून महत्त्वाची बाब बागेची. जुन्या वाड्यांचे नंतर फ्लॅट केलेले असतात आणि तळमजल्याचा फ्लॅट 'खासगी बागेसह' असं सांगून विकला जातो. कागद उघडले की बाग इमारतीच्या सामाईक मालकीची निघते आणि तुम्हाला असतो फक्त वापराचा एकट्याचा हक्क, म्हणजे 'ज्वीसाँस प्रिव्हातिव्ह'. अशा बागेत झाड तोडायला, खोली बांधायला किंवा भिंतीत दार पाडायला बाकीच्या मालकांच्या सभेची मंजुरी लागते. एजंटला पहिल्याच फोनवर विचारा: घर कोप्रोप्रिएतेत, म्हणजे सामाईक मालकीच्या इमारतीत, आहे का, आणि बागेचा भूखंड क्रमांक खरेदीखतात वेगळा लिहिलाय का?

३. घराला कोणतं संरक्षण लागू आहे ते शोधा

जेओपोर्ताय द ल्युर्बानिस्म या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की नकाशावर सगळे थर दिसतात. त्यात या गोष्टी पाहा.

घर स्वतः ऐतिहासिक स्मारक आहे का? स्मारकाचे दोन दर्जे असतात: 'क्लासे' वरचा, 'आंस्क्री' खालचा. कधी अख्खं घर संरक्षित असतं, कधी फक्त जिना, दर्शनी भाग किंवा एखादं फायरप्लेस.

घर स्मारकाच्या परिसरात येतं का? वेगळी हद्द आखलेली नसेल तर स्मारकापासून ५०० मीटरचा टापू धरतात. जुन्या गावात चर्च, किल्ला, वेशीचा दरवाजा यांपैकी काहीतरी ५०० मीटरच्या आत सापडतंच.

घर 'सित पात्रिमोनिआल रमार्काब्ल' या वारसा क्षेत्रात आहे का? १९६२ च्या मालरो कायद्यानं जुन्या वस्त्यांना संरक्षण दिलं. २०१६ च्या कायद्यानं आधीच्या वेगवेगळ्या योजना या एका नावाखाली आणल्या. या क्षेत्राला पीएसएमव्ही हा जतनाचा आराखडा लागू असेल तर घराच्या आतल्या गोष्टींनाही, म्हणजे जिने, लाकडी तावदानं, फरशी यांनाही नियम लागतात. आराखड्याच्या नकाशात प्रत्येक घराला आणि बागेला खूण केलेली असते. आपल्या बागेवर 'मोकळी जागा राखावी' अशी खूण असेल तर तिथे पोहण्याचा तलाव किंवा गाडीची शेड होणार नाही, असंच धरून चाला.

स्मारकाच्या परिसरात आणि वारसा क्षेत्रात बाहेरून दिसणाऱ्या कामाला आर्कितेक्त दे बातिमाँ द फ्राँस या सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते. वारसा क्षेत्रात त्यांचा नकार नगरपालिकेला ओलांडता येत नाही. छोट्या कामाच्या अर्जाला एरवी १ महिना लागतो, इथे २. घराच्या बांधकाम परवान्याला एरवी २ महिने, इथे ३. प्लॅस्टिकच्या खिडक्या, बागेकडच्या भिंतीवर हीट पंपाचं बाहेरचं युनिट, रस्त्याकडून दिसणारे सौर पॅनेल यांवर बहुतेक वेळा गाडी अडते. हे वास्तुविशारद जिल्ह्याच्या 'यूडाप' या वारसा कार्यालयात बसतात. वेळ घेऊन, फोटो आणि कच्चा नकाशा घेऊन त्यांना साठेखताच्या आधी भेटा. या सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि पुढची बरीच उस्तवार वाचते.

आधीच्या मालकानं केलेल्या प्रत्येक बदलाचा परवाना मागा. मागच्या बाजूला काचेची खोली काढली असेल आणि तिचा परवाना नसेल, तर ती नियमित करण्याचं ओझं तुमच्या पुढच्या अर्जावर येतं.

४. बागेच्या भिंती: कोणाच्या, कशाच्या, किती टिकणाऱ्या

ही पायरी सगळ्यात जास्त लोक टाळतात आणि सगळ्यात मोठं बिल इथूनच येतं. ३ मीटर उंचीच्या, ४० मीटर लांबीच्या जुन्या दगडी भिंतीची डागडुजी म्हणजे छपराच्या कामाइतका खर्च होऊ शकतो.

*मालकी.* फ्रेंच नागरी संहितेच्या कलम ६५३ नुसार दोन बागांमधली भिंत, उलट पुरावा नसेल तर, सामाईक मानली जाते. तिला 'मित्वायें' म्हणतात. पुरावा खरेदीखतात असू शकतो, आणि भिंतीच्या माथ्यावरही. कलम ६५४ सांगतं की माथ्याचा उतार एकाच बाजूला असेल तर ज्या बाजूला पाणी पडतं त्या मालकाची ती भिंत. बांधतानाच बसवलेल्या दगडी पट्ट्या किंवा बाहेर आलेले आधार एकाच बाजूला असतील तर भिंत त्या बाजूची. म्हणून शिडी मागा आणि माथा वरून बघा. कौलं किंवा चपटे दगड दोन्हीकडे उतरते असतील तर भिंत सामाईक असण्याची शक्यता मोठी. माथा तुमच्याच बागेकडे उतरत असेल तर भिंत तुमची आणि दुरुस्तीही तुमची. सामाईक भिंतीचा खर्च दोघांवर येतो. तिला भोक पाडायचं, टेकून काही बांधायचं किंवा खिडकी काढायची तर शेजाऱ्याची परवानगी हवी.

माती अडवणाऱ्या भिंतीचं गणित निराळं. शेजारची जमीन उंच असेल आणि भिंत तिची माती धरून ठेवत असेल, तर उलट पुरावा नसल्यास भिंत वरच्या मालकाची समजली जाते. उताराच्या गावात हे सारखं घडतं. अशा भिंतीच्या तळाशी पाणी निघायला भोकं आहेत का बघा. ती बुजलेली असतील तर पावसाळ्यात मागची माती फुगते आणि भिंत पुढे ढकलली जाते.

*हद्द.* कादास्त्रचा, म्हणजे सरकारी जमीन नोंदीचा, नकाशा कर आकारणीसाठी असतो, हद्दीचा तो पक्का पुरावा नाही. शंका असेल तर 'जेओमेत्र-एक्स्पेर' या परवानाधारक भूमापकाकडून दोन्ही मालकांच्या सहीनं मोजणी करून घ्या.

*भिंतीची तब्येत.* तुफो हा मऊ चुनखडीचा दगड आहे आणि त्याच्या आकारमानाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग सूक्ष्म छिद्रांचा असतो. तो पाणी शोषतो आणि मोकळा राहिला तर सुकतोही. विसाव्या शतकात अनेकांनी अशा भिंतींच्या दरजा सिमेंटनं भरल्या. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद. त्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाजवळ साठतात आणि दगड पापुद्र्यांनी गळतो. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि दगड मात्र आत खंगलेला, असं दिसलं की समजा हे दुखणं जुनं आहे. नखानं दगड खरवडून बघा. पीठ हाताला लागलं तर तेवढा भाग बदलावा लागेल.

त्यानंतर ओळंबा लावा. थोडी कललेली भिंत शंभर वर्षं उभी राहू शकते. पोट सुटलेली भिंत मात्र धोक्याची: आतल्या-बाहेरच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड सुटले, मधला भराव खाली बसला, की ती एका पावसाळ्यात कोसळू शकते. माथ्यावरची कौलं गेली असतील तर पाणी थेट मधल्या भरावात जातं, म्हणजे पोट सुटण्याचं कारण तिथेच आहे. आयव्हीची वेल देखणी दिसते, पण तिचं खोड मनगटाएवढं जाड असेल तर मुळं आत शिरलेली असतात. ती उपटू नका. बुंध्याशी कापा, वाळू द्या आणि मग थोडी थोडी काढा, नाहीतर दगडच हाताशी येतात.

शक्य असेल तर शेजाऱ्याचं दार वाजवा आणि भिंत त्याच्या बाजूनंही पाहा. जुन्या तक्रारी कळतात त्या तिथेच.

*झाडं.* स्थानिक नियम वेगळा नसेल तर कलम ६७१ लागू होतं: २ मीटरहून उंच वाढणारं झाड हद्दीपासून २ मीटरवर, बाकीची अर्ध्या मीटरवर. भिंतीला बांधून वाढवलेली पेअरची झाडं अंतर न सोडता लावता येतात, पण माथ्याच्या वर जाऊ द्यायची नाहीत. जुनं झाड नियम मोडून ३० वर्षं उभं असेल तर ते काढायला शेजारी सहसा लावू शकत नाही. फांद्या छाटायला मात्र केव्हाही लावू शकतो.

*रस्ता.* बागेत जायला घराच्या बोळाखेरीज दुसरी वाट आहे का? नसेल तर दगड, वाळू, राडारोडा सगळं बोळातून हातगाडीनं. छोट्यातल्या छोट्या खोदयंत्रालाही साधारण पाऊण मीटर रुंदी लागते, म्हणून बोळ आणि दारं मोजून घ्या. मागच्या गल्लीत दार असेल तर ती गल्ली कोणाची आणि वहिवाटीचा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे का, ते पाहा. उलट बाजूही तपासा: तुमच्या बागेतून शेजाऱ्याला विहिरीपर्यंत जायचा हक्क असू शकतो.

५. घर आणि तपासणी अहवाल

विक्रेत्यानं अहवालांची फाइल द्यायची असते. घराच्या वयानुसार त्यात असतं: १९४९ पूर्वीच्या घरासाठी शिशाच्या रंगाचा अहवाल, जुलै १९९७ पूर्वीच्या परवान्याच्या घरासाठी अ‍ॅस्बेस्टॉस, १५ वर्षांहून जुन्या वीज आणि गॅस जोडणीचा अहवाल, जाहीर क्षेत्रात वाळवीचा अहवाल, जो ६ महिनेच चालतो, पूर, भूस्खलन, चिकणमाती अशा जोखमींचा तक्ता, आणि ऊर्जेचा डीपीई, ज्यात घराला ए ते जी दर्जा मिळतो.

दर्जा ई, एफ किंवा जी असेल तर विक्रेत्यानं सविस्तर ऊर्जा तपासणीही द्यावी लागते. पुढे भाड्यानं देण्याचा विचार असेल तर जी दर्जाचं घर १ जानेवारी २०२५ पासून नव्या भाडेकराराला बाद आहे, एफ २०२८ पासून आणि ई २०३४ पासून. जाड दगडी भिंतीला आतून प्लॅस्टिक फोम चिकटवून दर्जा सुधारायचा सल्ला कोणी दिला तर थांबा. ओल अडकली की तुळयांची टोकं कुजतात.

हे अहवाल म्हणजे घराची पूर्ण तपासणी नव्हे. छप्पर, तुळया, पाया यांच्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. खासगी विक्रेता छुप्या दोषांची जबाबदारी खरेदीखतातच झटकतो आणि ते कायद्यात बसतं. म्हणून जुन्या इमारतींचं काम करणारा वास्तुविशारद स्वतःच्या खर्चानं न्या. माळ्यावर टॉर्च घेऊन चढा. स्लेटच्या छपरातून उजेडाचे ठिपके दिसतात का, पन्हळीखालच्या तुळईची टोकं सुरीच्या टोकाला मऊ लागतात का, तळघरात लाकडावर पांढरा कापसासारखा थर किंवा गंजाच्या रंगाची भुकटी आहे का, हे बघा. अशी भुकटी मेर्युल नावाच्या बुरशीची असू शकते आणि तिच्यावरचा इलाज फार खर्चिक असतो.

सोम्यूरच्या आसपास बागेखाली तुफोच्या जुन्या खाणी असतात, कधी वेगळ्या मालकीच्या. नगरपालिकेत विचारा आणि जेओरिस्क या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहा.

६. भाव आणि वरचा खर्च

नोतेर हा सरकारनं नेमलेला अधिकारी खरेदीखत करतो. तुमचा स्वतःचा नोतेर घ्या. दोघे असले तरी फी तेवढीच राहते, ते ती आपसात वाटून घेतात.

कमिशन वगळून ४,५०,००० युरोच्या जुन्या घराचा हिशेब असा येतो. बहुतेक जिल्ह्यांनी एप्रिल २०२५ नंतर आपला वाटा ५ टक्क्यांवर नेला आहे. तिथे हस्तांतर कर सुमारे ६.३२ टक्के, म्हणजे साधारण २८,४०० युरो. नोतेरची ठरलेली फी व्हॅटसह सुमारे ४,८००, नोंदणीचा ०.१० टक्का म्हणजे ४५०, आणि उतारे, दाखले वगैरेंचे हजार-बाराशे. एकूण ३५,००० च्या आसपास.

ऑफर लेखी द्या, तिला मुदत घाला आणि सोबत एक युरोही देऊ नका. ऑफरबरोबर पैसे मागणं बेकायदा आहे.

७. साठेखत

'कोंप्रोमी द व्हाँत' हे साठेखत. सहीच्या वेळी साधारण ५ ते १० टक्के बयाणा नोतेरच्या खात्यात जमा होतो. विक्रेत्याच्या हातात कधीच देऊ नका. साठेखताची प्रत रजिस्टर्ड पत्रानं पहिल्यांदा तुमच्याकडे आणली गेली की दुसऱ्या दिवसापासून १० दिवस मोजले जातात. त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते आणि बयाणा पूर्ण परत मिळतो. घर एससीआय, म्हणजे मालमत्ता बाळगणाऱ्या कंपनीच्या नावे घेतलं तर हा हक्क बहुधा मिळत नाही.

मुदतीनंतर तुम्हाला वाचवतात त्या फक्त साठेखतात लिहिलेल्या अटी. कर्ज घेणार असाल तर रक्कम, व्याजदर आणि मुदतीसह कर्जाची अट घाला. बागेत काही बांधायचा बेत असेल तर परवाना मिळण्याची अट घाला. भिंतीची मालकी अस्पष्ट असेल तर विक्रेत्यानं ती खरेदीखताआधी स्पष्ट करून द्यावी, असं लिहून घ्या.

वारशाचा विषयही इथेच काढा. फ्रान्समधल्या स्थावर मालमत्तेवर तिथला वारसा कर लागतो, मालक भारतात राहत असला तरी. जोडीदाराला माफी आहे. मुलांना प्रत्येक पालकामागे प्रत्येकी १,००,००० युरोपर्यंत सूट आहे. दोघांची नावं कोणत्या वाट्यानं लावायची आणि मृत्युपत्रात भारतीय कायदा निवडायचा का, हे नोतेरला आधी विचारा. नंतर बदलायला पुन्हा खर्च येतो.

८. मधले तीन महिने

नोतेर जुने दस्त, बोजे, हक्क तपासतो. गावठाणातल्या घरावर सहसा नगरपालिकेचा पहिल्या खरेदीचा हक्क असतो आणि उत्तर द्यायला तिला २ महिने असतात. उत्तर आलं नाही तर हक्क सोडला असं धरतात. घाई करून हा काळ कमी होत नाही.

या काळात कागदपत्रं जमवा:

- पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पॅन
- जन्मदाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोन्हीवर राज्यस्तरीय पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाची आपोस्टील, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का
- त्या दाखल्यांचं फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर
- पैशांच्या स्रोताचे पुरावे: बँक विवरण, आयकर विवरणपत्र, मालमत्ता विकली असेल तर तिचं खरेदीखत

मराठी घरांत हमखास अडतं ते नावावर. फ्रेंच दस्तात स्त्रीचं जन्माचं आडनाव मुख्य असतं. लग्नानंतर आडनाव आणि कधी पहिलं नावही बदललेलं, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, जन्मदाखल्यावर वडिलांचं, किंवा दाखल्यात नावाची जागाच रिकामी. जन्मदाखल्यात नाव घालून घ्यायला आणि नावबदलाचं राजपत्र काढायला वेळ लागतो. म्हणून हे काम घरं बघायला सुरुवात करतानाच उरका.

फ्रेंच नीट येत नसेल तर सहीच्या वेळी दुभाषा लागतो. तो तुमच्या खर्चानं ठरवावा लागतो. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र कोणत्या नमुन्यात हवं ते नोतेरकडूनच लेखी घ्या. भारतात परस्पर केलेलं मुखत्यारपत्र अनेकदा नाकारलं जातं.

पैसे पाठवताना एक सावधगिरी. नोतेरच्या नावानं 'आमचं खातं बदललं' असा ईमेल येतो आणि रक्कम भलत्याच खात्यात जाते. खाते क्रमांक आला की आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून एकेक आकडा ताडून घ्या, मगच भारतातल्या बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म भरा. पैसे सहीच्या आठवडाभर आधी पोचतील असं बघा.

९. सहीचा दिवस आणि पहिलं वर्ष

सहीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी घर पुन्हा फिरून पाहा: बागेतली दगडी कुंडी, जुनं लोखंडी फाटक, फायरप्लेस जागेवर आहेत का. वीज-पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. सही झाली की मालकीचा दाखला लगेच मिळतो. नोंदणी झालेली खरेदीखताची प्रत काही महिन्यांनी येते.

विमा त्याच दिवसापासून सुरू हवा. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर पॉलिसीतलं रिकाम्या घराचं कलम वाचून घ्या. फ्रेंच कर खात्याच्या संकेतस्थळावर खातं उघडून घराचा वापर कसा आहे ते १ जुलैच्या आत कळवा. वर्षाला मालमत्ता कर येतो आणि दुसरं घर असेल तर निवास करही. भारतात रहिवासी असाल तर विवरणपत्राच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर आणि तिथलं बँक खातं दरवर्षी दाखवा. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

भिंतीचं काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच करा. गोठणाऱ्या थंडीत चुना धरत नाही, ५ अंशांखाली तर हात लावू नका. सिमेंट छिन्नीनं हळूच काढा. यंत्राची चकती फिरवली की मऊ तुफोच्या कडा जातात. दरजा दोन-तीन सेंटीमीटर खोल मोकळ्या करा, धुवा, ओल्या करा. मग एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग वाळू असा माल भरा. चुना हवेत घट्ट होणारा किंवा एनएचएल (पाण्यानं घट्ट होणारा नैसर्गिक चुना) २ प्रतीचा घ्या. एनएचएल ५ तुफोसाठी फार कठीण पडतो. भरलेल्या दरजा पुढचे काही दिवस उन्हापासून झाका आणि ओलसर ठेवा. या सगळ्याआधी माथ्यावरची कौलं बसवून घ्या, कारण वरून पाणी येत राहिलं तर खालच्या दरजा पुन्हा सुटतात.